खोडलेली तीन नावं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "गेले गं." मी तव्यावरची भाकरी उलटली, नीट भाजली आणि मग खाली बसले. दीड महिना झाला. रडू येत नाही, संताप येतो. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहितेय.

अण्णा माझा थोरला भाऊ. उदगीरला त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. आमच्याकडे पत्रिका म्हणजे अर्धं भांडण. निमंत्रकांत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं राहिलं, यावरून माणसं लग्नाला येत नाहीत. अण्णा म्हणायचा, "भात कच्चा राहिलेला चालतंय, नाव राहिलेलं चालत न्हाई." माझ्या गौरीची पत्रिका त्यानंच छापली, मामाची भेट म्हणून. त्याच सुमारास लोहा गावाकडच्या तिघांना पोलिसांनी उचलून नेलं होतं. सरकारला जाब विचारणारी सभा घेतली, एवढाच गुन्हा. कुठे ठेवलंय ते कुणी सांगेना, आणि पेपरात त्यांची नावं छापायची कुणाची छाती होईना. अण्णानं ती तिन्ही नावं, बापाच्या नावासकट, गावासकट, गौरीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून छापली. स्वतःच्या नावाच्या वर. मी घाबरून विचारलं, हे आपले कोण? तो म्हणाला, "पेपरवाले छापंनात. पत्रिका तर माझ्या हातची हाय की."

चार-दोन घरी पत्रिका गेल्या आणि अण्णाला नेलं. छापखान्याला सील लागलं. देवणीहून नवऱ्या मुलाकडचा निरोप आला, नावं काढा, नाहीतर लग्न मोडलं समजा. नवीन पत्रिका छापणार कोण? माझे चुलतसासरे, तात्या, काळी पेनं घेऊन आले. म्हणाले, अशा कामाला घरातली मुकी बाई बरी. सगळे हसले. भर दुपारी मी खोडत बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, वाचन बोट ठेवून. आमच्याच कुणाचं नाव चुकून खोडलं जाऊ नये म्हणून प्रत्येक पत्रिकेवर तिन्ही नावं आधी वाचायची, मग खोडायची. शेकडो पत्रिका...

मग माफीनाम्याचा कागद हातात देऊन घरच्यांनी मला तुरुंगात अण्णाच्या भेटीला पाठवलं. चूक झाली, पुन्हा करणार नाही, असं लिहिलेलं. सही केली की लग्नाआधी सुटका. मी म्हटलं, गौरीला मांडवात कोण आणणार? मामा तूच ना? त्याचे डोळे भरले.

"मी चुकलो म्हणलं तर ती तिघं बी चुकली असं होतंय, कमळे. न्हाई जमायचं."

मला राग आला. सांगून टाकलं, नावं मी खोडलीत, माझ्या हातानं. वाटलं, चिडेल. तो हसला. "खोडलेलं नाव माणूस जास्त वाचतंय. उजेडात धरून."

गौरीला मांडवात तात्यांनी आणलं. अण्णा चौदा महिने आत राहिला. खोकल्यावर औषध मागितलं की आधी सही कर म्हणायचे. त्यानं औषध मागायचं सोडलं. जामिनावर आला तो छाती पोखरून घेऊनच. ज्यांनी हे केलं ते सुखानं जेवतात, झोपतात... आणि खोडणारी मीही जेवते.

अण्णाच्या मागच्या विधीला, शिवगण आराधनेच्या दिवशी, तात्या पुढाऱ्यांना घेऊन पुढं बसले होते. अण्णा आमचा वाघ होता, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते. मी पाणी देत फिरत होते. भिंतीकडेला एक अनोळखी बाई बसली होती. कुठल्या, विचारलं. तिनं लोह्याजवळच्या गावाचं नाव सांगितलं. त्या तिघांतले दोघं सुटले, तिचा मुलगा अजून आतच आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "बालाजी माणिक?"

तिनं माझा हात धरला. "तुला कसं ठाव, बाई?"

"मीच खोडलं ते. वाचून वाचून खोडलं."

तिनं हात सोडला नाही. पुढं बसलेल्या माणसांकडं बघितलं आणि म्हणाली, "मग आता मोठ्यानं म्हण."

माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि तिन्ही नावं म्हटली, बापाच्या नावासकट, गावासकट. पुढची माणसं वळून बघू लागली. तात्या म्हणाले, "बस गं खाली."

मी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.