तीन दिवस मिठाच्या पाण्यात

रोह्याच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं तपासणीचं काम केलं. हाडात बसवायच्या स्क्रूवर चांदीचा पातळ थर दिला की जखमेत जंतू वाढत नाहीत. पण तोच थर हाडाच्या पेशींनाही मारतो का, हे बघणं माझ्याकडे. थर दिलेली धातूची चकती पेशींच्या बशीत ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. जगलेल्या पेशी तळाला चिकटून पसरतात, मेलेल्या गोल होऊन तरंगतात.

साहेबांनी सांगून ठेवलं होतं, चकत्या आधी तीन दिवस मिठाच्या पाण्यात भिजवायच्या. "धूळ निघते," ते म्हणायचे. मी कधी विचारलं नाही.

विचारलं ते माझ्या हाताखालच्या बाईंनी. खाडीकाठच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. आम्ही पेणहून एकाच गाडीने जायचो. एकदा परतताना त्या हळूच म्हणाल्या, "दादा, मी एक चकती न भिजवता ठेवली. पेशी सगळ्या मेल्या. सुटी चांदी त्या पान्यात धुवून जाते, म्हणून आपल्या जगतात. पेशंटच्या हाडात घालताना कोन भिजवनार हाय?" पेण जवळ आल्यावर म्हणाल्या, "आताच कोनाला बोलू नका. परत करून बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधीच मी साहेबांना सांगितलं. त्यांच्या मर्जीत राहायचं होतं, दुसरं कारण नाही. बाईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. भिजवलेल्या चकत्यांच्या अहवालावर सही माझी.

यंदा माल घेणाऱ्यांनी बाहेर तपासणी करून घेतली. तिथे चकत्या कोणी भिजवल्या नाहीत, पेशी सगळ्या मेल्या. चौकशीत साहेब माझ्यादेखत म्हणाले, "भिजवतात हे मला काय माहीत? रजिस्टर यांच्या हातचं आहे." त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगती वाढल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझी नोकरी गेली.

बाई आता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. मी जाऊन उभा राहिलो.

"तुमालाबी भिजवून धुवून काढलं वाटतं," त्या म्हणाल्या. मग ब्रश थांबला. "ते स्क्रू कोनाच्या हाडात गेले का?"

"नाही. त्याआधीच पकडलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "तेव्हा साहेबांना सांगणारा मीच होतो."

"माहीत हाय. तुमच्याशिवाय कोनाला सांगितलं होतं मी?"

साहेबांनी मला कसं फसवलं, ते सांगायलाच मी आलो होतो. तोंड उघडलं.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, "उजेड अडतो."

मी सरकलो.