सुपातलं बाळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

टीव्हीवरची ती चेटकिणींच्या घराण्याची मालिका आठवते? सासू चेटकीण, तिन्ही सुना चेटकिणी, स्वयंपाकघरात भांडणं आणि माळ्यावर मंत्र. लोक नावं ठेवायचे आणि न चुकता बघायचे. तिचे प्रसंग मी लिहायचे, इथे नाशकात, घरी बसून. तेव्हा मिरवायचे. आता कोणी विषय काढला की मी चहा टाकायला उठते.

आमच्याकडे स्वयंपाकाला यमुना यायची. मूळची सुरगाण्याकडची. तिची आई पाड्यावरची सुईण. पोळ्या लाटता लाटता यमुना सांगायची — बाळ जन्मलं की आई सुपात नागली, म्हणजे नाचणी, पसरते, वर फडकं, त्यावर बाळाला क्षणभर निजवते आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटते. काय, ते लेकीलाही ठाऊक नाही. किती गोड! पण त्या आठवड्यात मला गोड नको होतं. मालिका थंड पडलीय, काहीतरी भयंकर द्या, असा वरून निरोप होता. मग मी काय केलं असेल? माझ्या थोरल्या चेटकिणीने नातवाला सुपात निजवलं, कानात पुटपुटली — आणि त्याचं आयुष्य ओढून घेतलं. नागलीसुद्धा बदलली नाही हो मी.

पाड्यावर मोबाइल आहेत. सगळ्यांनी पाहिलं. पुढे महिनाभरात तिथे एक बाळ जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं. यमुनाच्या आईनेच ते सुपात निजवलं होतं. लोक तिला भुताळी म्हणाले — म्हणजे चेटकीणच. जिच्या हातांवर अर्धा पाडा जन्मला, तिच्या दारावर दगड पडले.

यमुना पिठाच्या हातांनीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, ते सुपाचं तुमीच लिवलं का? येऊन सांगा ना, खोटं हाय म्हणून. तुमचं ऐकतील ते."

जीपने तीन तासांचा रस्ता. बोलायचं एकच वाक्य. आणि मी म्हणाले — ते सुपाचं मुंबईचे लोक मागून घालतात गं, मला काय माहीत?

तिने विश्वास ठेवला. वर माझीच माफी मागितली, उगाच संशय घेतला म्हणून! आईला ती इथे नाशकात, सातपूरच्या आपल्या खोलीवर घेऊन आली. म्हातारी कोणाशी बोलत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते, असं सांगायची. मी मान हलवायचे. भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे.

नुसती भित्री असते, तर कधीतरी सांगून मोकळी झाले असते का? असेनही. पण — तो भाग फार चालला. सूप पुन्हा आणा, म्हणून फोन आला. म्हातारी सातपूरला आल्यानंतर आला तो फोन. आणि मी आणलं. यमुना आत स्वयंपाक करत असताना, बाहेरच्या खोलीत बसून लिहिलं. एकदा नाही. आणखी चार वेळा.