मण्यांवर सांगितलेले चार आकडे

त्या सकाळी चहाचा कप माझ्या उजव्या हातातून सुटला, तेव्हा मला आधी रागच आला, कारण चहा नव्या चादरीवर सांडला होता. बायकोला हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. गेल्या पाच वर्षांत मी एकही संकष्टी चुकवली नव्हती; बायकोला घेऊन केदारखेड्याहून राजूरला पायी जाऊन गणपतीचं दर्शन घ्यायचो. जालन्याच्या दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत आडवा पडलो आणि मनात हेच घोळत राहिलं, की एवढं चालून शेवटी पदरात हे पडलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी देवावर रुसलो होतो.

माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरून देतो. व्यवहाराला पक्का म्हणून गावात नाव आहे आणि त्याचा मला थोडा तोराही होता. पैसा शिल्लक टाकत गेलो, पण बायकोला त्याची खबर लागू दिली नाही. तिनं विचारलं की म्हणायचो, तुला कशाला डोक्याला ताप. आम्हाला मूलबाळ नाही. मी अचानक गेलो तर तिनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हा विचार मला कधी शिवलाच नाही. बँकेतलं खातं आईच्या आणि माझ्या नावावर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिचं नाव मी काढलं नव्हतं. पासबुक उघडलं की पहिल्या ओळीत आई दिसायची. ते नाव काढायचं म्हणजे तिला घराबाहेर काढल्यासारखं वाटायचं. ठेवीच्या पावतीवर वारस म्हणूनही तीच होती. फसवणुकीच्या भीतीनं फोनवरून पैसे पाठवायची सोय मी घेतली नव्हती. एक कार्ड तेवढं होतं आणि त्याचा पिनचा आकडा फक्त माझ्या डोक्यात.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. रक्ताची गाठ अडकली आहे, त्यावर इंजेक्शन आहे, पण वेळेत दिलं तरच उपयोग, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. हात, पाय आणि वाचा त्यावर अवलंबून होती. इंजेक्शन खालच्या औषधाच्या दुकानातून आणायचं होतं. किंमत ऐकून बायकोनं पर्स उघडली, तर आत बाराशे रुपये. तिचा भाऊ वडीगोद्रीहून पैसे घेऊन निघाला होता, पण त्याला यायला दीड तास तरी लागणार होता, आणि डॉक्टर म्हणत होते, अर्ध्या तासात आणा.

तिनं माझ्या खिशातलं कार्ड काढून पुन्हा पुन्हा आकडा विचारला. आकडा मला लख्ख आठवत होता. जीभ मात्र वळत नव्हती. उजवा हात लाकडासारखा पडलेला, आणि डाव्या हातानं पेन धरलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. खात्यात पैसे असून मी बायकोला भिकाऱ्यासारखं उभं केलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं दुखतंय. ती एका हातानं माझं कपाळ दाबत होती आणि दुसऱ्या हातानं जपमाळ ओढत होती.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची बायको इतका वेळ आमच्याकडे बघत होती. ती उठून जवळ आली आणि म्हणाली, "बाई, जीभ चालत न्हाई त्यायची, मंग नुसतं इचारून काय व्हतंय? ती माळ त्यायच्या डाव्या हातात दे. एक एक आकडा मण्यानं मोजून दाखवतील बराबर."

माळ हातात आली. मी अंगठ्यानं मणी सरकवू लागलो आणि ती बाई मोठ्यानं मोजत गेली. पहिल्या खेपेला एक मणी जास्त गेला. मी मान हलवली. ती म्हणाली, घाई नको भाऊ, पुन्हा पहिल्यापासून. तिसरा आकडा शून्य होता, तिथं मी मूठ मिटली. बायको गोंधळली, त्या बाईला मात्र लगेच कळलं. कार्ड आणि चार आकडे घेऊन बायको जिना उतरली, आणि वीस मिनिटांत इंजेक्शन माझ्या शिरेत होतं.

तिसऱ्या दिवशी शब्द फुटायला लागले, तेव्हा मी त्या बाईला हात जोडले. गणपतीनंच तुम्हाला धाडलं, असं अडखळत म्हणालो. ती हसली. म्हणाली, "आम्ही बौद्ध हाव भाऊ, तुमचा गणपती मला कशाला धाडीन? तीस वर्षं अंगणवाडीत लेकरायला मण्यावर मोजायला शिकवलं, ते आठवलं बस." कुणी धाडलं, याचा काथ्याकूट मी अजूनही करत नाही. ती तिथं होती, एवढं मला पुरतं.

आता बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं आहे. बारीक तार मात्र बोटांत नीट धरता येत नाही, म्हणून दुकानात माणूस ठेवलाय. घरी आल्यावर पहिल्यांदा आम्ही बँकेत गेलो. आईचा मृत्यूचा दाखला दिला, तिचं नाव काढलं आणि बायकोचं लावलं. त्या दिवशी मी फार रडलो, पण आई रागावली असेल असं वाटलं नाही. सहा महिन्यांचा घरखर्च लगेच हाती येईल असा वेगळा ठेवलाय. माझा दवाखान्याच्या खर्चाचा विमा आता कुणी सहज उतरवेना, म्हणून निदान बायकोचा तरी उतरवला. कागद कुठं आहेत, कशाचे आहेत, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

परवा राजूरला गेलो, या वेळी गाडीनं. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि सवयीनं तोंडातून निघालं, देवा, सगळं तुझंच. शेजारी बायको डोळे मिटून उभी होती. इतकी वर्षं मी तिच्याच शेजारी उभा राहून हे म्हणत आलो होतो, आणि तिला चार आकडे द्यायला माझी जीभ जावी लागली. मी मान खाली घातली आणि पहिल्यांदा काहीही न मागता नमस्कार केला.