जनरलसाहेबांनी दिलेली माफी

योकोहामातली बर्मी मंडळी सणाला सभागृहात जमली, की सगळे चटईवर बसायचे. खुर्ची एकच असायची, ती ऊ तांग न्युन यांची. एरवी ते जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तांदूळ धुवायचे, पण इथे ते अजूनही जनरलसाहेब होते. मा चो नावाच्या विधवेला ती खुर्ची डोळ्यांत खुपायची.

साहेब शिंप्याचा मुलगा. डोंगरातल्या बंडखोरांशी लढत वर चढले आणि गावं पेटवण्याचे हुकूमही त्यांनी दिले. पुढे म्यानमारभर यादवी भडकली, स्वतःच्याच शहरांवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा म्हणे त्यांचं मन फिरलं. राजधानीची छावणी ताब्यात घेऊन वरच्यांना अटक करायची, असा कट त्यांनी रचला. त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांत मा चोचा नवरा होता, कॅप्टन मो तुन.

सगळी तयारी झाली, पण साहेबांचा ज्योतिषी म्हणाला, दिवस चांगला नाही. तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. शेवटच्या फोनवर मो तुन वैतागून म्हणाला होता, "म्हाताऱ्याने परत थांबवलंय गं! इथे स्वयंपाक्यालासुद्धा कुणकुण लागलीय."

धरपकड झाली. मो तुनला गोळ्या घातल्या. साहेब सीमा ओलांडून इथे मुलाकडे आले, आणि त्यांच्याबरोबर एक गोष्टही आली: कुणा कॅप्टनने कट फोडला. नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पण कुणी मो तुनचं नाव घेतलं, की मान खाली घालून गप्प बसायचे. तेवढं पुरेसं होतं.

मा चो मुलीकडे, थिरीकडे आली, तेव्हा ही गोष्ट तिच्या आधी पोचलेली होती. आता थिरीचं लग्न ठरत होतं आणि मुलाची आई म्हणत होती, "मुलगी गुणी आहे हो. पण फितुराच्या घरातली सून…"

पावसाळा सरल्यावर त्यांचा दिव्यांचा सण येतो. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांपुढे कपाळ टेकून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, आणि थोरांनी ती करून आशीर्वाद द्यायचा. थिरीसाठी म्हणून मा चो रांगेत उभी राहिली. नाक मुठीत धरून गुडघे टेकले, कपाळ टेकलं.

साहेबांनी हात वर केला. "पोरी, तुला क्षमा केली. आणि तुझ्या नवऱ्यालाही. मी मनात काही ठेवलेलं नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मा चो ताडकन उठली.

"त्यांना? कशाबद्दल?"

"आई, बस ना!" थिरीने तिची बाही ओढली.

"सणाचा दिवस आहे," मागून कुणी दटावलं. "थोरांशी असं बोलतात?"

"थोर? ज्योतिष्याला विचारल्याशिवाय दाढी करत नव्हते, हे थोर! तारीख कुणी ढकलली, साहेब? सांगा की सगळ्यांना. हाताखालची पोरं रोज छावणीत जीव मुठीत धरून बसली होती, आणि तुम्ही ग्रह मोजत होतात!"

साहेब उठले. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून कमरेत वाकले, इथले कंपनीवाले टीव्हीवर वाकतात तसे. वाकूनच राहिले. काही बायका हळहळल्या. एवढा मोठा माणूस!

"वाकू नका," मा चो म्हणाली. "वाकायला काय जातंय? बोला."

"चुका झाल्या…"

"झाल्या नाहीत. केल्या. कुणी?"

साहेब सरळ झाले. "तारीख मी ढकलली," ते पुटपुटले. "मो तुनने कुणाला काही सांगितलं नाही."

"मागे ऐकू गेलं नाही. हुकूम द्यायचात तेव्हा आवाज कुठून यायचा?"

मग त्यांनी ते पुन्हा सांगितलं, परेडच्या मैदानावर सांगावं तसं. भात वाढणाऱ्या बाया वाढता वाढता थांबल्या.

"मला माफ कर, पोरी," साहेब म्हणाले.

"नाही करणार."

ती वळली आणि मुलाच्या आईसमोर जाऊन उभी राहिली. "ऐकलंत?"

ती बाई गडबडून चटईवर बाजूला सरकली. "बसा ना तुम्ही. दमला असाल. चहा सांगू?"

"चहा नको. तुम्ही ज्या ज्या घरी फितूर म्हणालात, त्या त्या घरी आधी हे सांगून या. मग लग्नाचं बोलू." तिने थिरीचा हात धरला आणि दोघी दाराकडे निघाल्या. खुर्चीपुढची रांग तिथेच उभी होती. पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं.