तात्याबा वैद्य पाणी प्यायले

नांदूरघाटचे तात्याबा वैद्य रोगी बरा होईपर्यंत त्याच्या घरचं पाणी पीत नसत. ही शिस्त त्यांच्या वडिलांची. वैद्य पाहुणचारात रमला की नाडीवरचं ध्यान उडतं, असं ते म्हणत. निजामाच्या राज्यात सरकारी दवाखाना लांब, त्यामुळे आसपासच्या वस्त्या तात्याबांच्याच भरवशावर. हळूहळू लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून तांब्याकडे बघू लागले. तात्याबांनी पाणी मागितलं, की बायका डोळे पुसून चुलीपाशी जात.

मानमोडीच्या जीवघेण्या साथीत धनगरवस्तीवरच्या म्हाळूची बायको रतन तापानं पडली. कुशीत तान्ही मुलगी. तात्याबा रोज चालत येत, काढा देत. सासू बायडाबाई रोज त्यांच्यापुढे तांब्या ठेवी आणि तो तसाच भरलेला राही. रतन अंथरुणातून तेवढंच बघे. एक दिवस तिनं काढ्याची वाटी बाजूला सारली.

"कावून गं?" बायडाबाईनं विचारलं.

"तांब्या दिसतुया की मला. मरायचंच हाय तर कडू कशाला पिऊ?"

"वैद्य तू का ते?" सासू करवादली.

तात्याबांनी नाडी पाहिली. ताप तसाच होता. तरी ते तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले.

"गोड हाय पाणी. अजून आणा, बायडाबाई."

रतन बघत राहिली. मग तिनंच हात पुढे केला. "द्या तो काढा."

बाहेर आल्यावर तात्याबा म्हाळूला म्हणाले, "ताप हटला न्हाई. आज मी खोटं प्यालोय. कुणाला बोलू नको, अन् मला इथंच राहू दे."

ते मेंढरांच्या वाड्यापाशी राहिले. काढा स्वतःच्या हातानं पाजत राहिले. रतन उठली.

ती माझी आजी. कुशीतली तान्ही माझी आई. म्हाळूआजोबांनी आजीला हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आजी आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून बसली. "माझ्यापायी त्यांनी बापाची शिस्त मोडली," म्हणाली.

म्हातारपणी तात्याबांनी अंथरूण धरल्याचं कळलं, तेव्हा आजी नांदूरघाटला गेली. तिनं ना तब्येत विचारली, ना पाया पडली. आत येताच त्यांच्या बायकोला म्हणाली, "कौशल्याबाई, लई तहान लागली. तांब्याभर पाणी द्या."

तात्याबा पडल्या पडल्या बघत होते. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणाले, "खोटं प्यालीस, रतन."

"तुमच्याकडूनच शिकले," आजी म्हणाली, आणि उशाशी ठेवलेली काढ्याची वाटी तिनं त्यांच्या तोंडाशी धरली.