बाईंचं वायफाय

बाईंना कुणाला नाही म्हणता येत नसे. अंबरपेठेत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्यानं राहिलो. त्यांचा जन्म हैदराबादचा, सगळी नोकरी सरकारी शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेली होती, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई.

वायफाय बसवणाऱ्यानं पासवर्ड काय ठेवायचा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कायको? बच्चे पढते." मला म्हणाल्या, "आलेल्याला आधी पासवर्ड विचारायचा, ही कुठली रीत?" कंपनीच्या नेटवर्कमध्ये कुणी घुसू नये हे बघणं, ही माझी नोकरीच. मी त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा पुढे केला. तिसऱ्यांदा बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. दिवसभर ऑफिसात तेच सांगून घरी आल्यावर तोंड उघडावंसं वाटत नसे.

एका सकाळी पोलीस आले. समोरच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कुणीतरी खोट्या नावानं घाणेरडे मेसेज पाठवत होतं, धमकावत होतं. ते सगळे बाईंच्या कनेक्शनवरून गेलेले. "अम्मा, कनेक्शन आपके नाम पे है," पोलीस म्हणाला.

"मेरे नाम पे है तो जिम्मेदारी भी मेरीच है," बाई म्हणाल्या. दोन दिवस त्या ठाण्यातल्या बाकावर बसून होत्या. त्या मुलीची आई बाईंचीच विद्यार्थिनी; तिनं समोरून जाताना मान वळवली.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आत कोण कोण आहे, ते दिसतं का रे?" मी राउटरची यादी उघडून दाखवली. चौदा फोन. त्यातला एक त्यांचा, एक माझा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मी राउटरचा मूळ पासवर्ड बदलला, वायफायला लांबलचक नवा घातला, मुलांच्या अभ्यासासाठी वेगळं नेटवर्क करून दिलं. पंधरा मिनिटं लागली.

ती यादी मी पोलिसांना दिली आणि त्यातल्या एका फोनवरूनच त्यांना माणूस सापडला. मागच्या गल्लीतला, चांगला नोकरदार. मुलीची आई रडत आली. "बाई, आम्ही तुमच्यावर संशय घेतला. माफ करा."

"तू कसली माफी मागतेस? मोकळं रान मीच दिलं होतं. पोरगी कॉलेजला जाते ना आता?"

"नाही, बाई. नकोच म्हणते."

त्यानंतर बाई फारशा बोलेनाशा झाल्या. उन्हाळ्यात खालच्या घराला कुलूप लावून त्या परभणीला भावाकडे कायमच्या निघाल्या. मी नामपल्ली स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी सुटायच्या बेतात असताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "असं होऊ शकतं, हे तुला ठाऊक होतं ना रे?"

"हो, बाई."

"मग एकदा रागवायचं होतंस माझ्यावर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. गाडी हलली.