तीन तगारी राख

राखेनं रोप मरतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आम्ही खानदेशातले. वांग्यावर कीड पडली की चुलीतली राख, बियाणं टिकवायचं तर राख, भांडी घासायला राख. त्यामुळे सुरतेत अमरोलीच्या पुढच्या एका नर्सरीत काम मिळालं आणि तिथं कारखान्याची राख मातीत मिसळून रोपं वाढवतात असं कळलं, तेव्हा वाटलं, यात मला कोण काय शिकवणार?

ते काम मला हवंच होतं. लग्न झाल्यापासून कोसाडच्या खोलीत बसून साड्यांचे सुटे धागे कापत होते. नखांत माती जायला जीव नुसता आसुसला होता. महिनाभर बघू, जमलं तर कायम, नाहीतर परत धागे, असं ठरलं होतं. आता त्या नर्सरीच्या जागी उंच इमारती झाल्यात. पण बस त्या वळणावरून गेली की अजूनही मला हिरव्या जाळीखालची ती ओली सावली आठवते आणि उतरावंसं वाटतं.

नर्सरीतले माळीकाका अस्सल सुरती. सगळ्यांना अरेतुरे, शेठसुद्धा त्यातून सुटले नव्हते. ते पंधरा दिवस बारडोलीला लेकीकडे निघाले, त्याच सकाळी हजिऱ्याच्या कारखान्यातून राखेचा ट्रक आला. कडुलिंबाची रोपं मोठ्या पिशव्यांत हलवायची होती. जाता जाता काका मला म्हणाले, "त्रण तगारां राख माटी, एक राख."

म्हणजे माती तीन तगारी ठेव, राख एक. गुजरातीत 'राख' म्हणजे राखही आणि 'ठेव'ही. मी नवी, त्यात शहाणी. मी ऐकलं, "त्रण तगारां राख, माटी एक राख." तीन तगारी राख, माती एक. वर मनात म्हटलं, बघा, यांनाही राखेची किंमत कळते.

दोन वाफ्यांतल्या पिशव्या मी एकटीनं भरल्या. राख पिठासारखी मऊ, सिमेंटच्या रंगाची. पाणी घातलं की वर साय धरल्यासारखा थर बसायचा आणि पाणी तसंच साचून राहायचं. आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "राखमा रोप मरस का कधी? पानी कमी पडनं व्हई." मी आणखी पाणी घातलं.

शेवटी शेजारच्या वाफ्यावरच्या बाईनं माझं मिश्रण बोटांत चुरून पाहिलं आणि विचारलं, असं कुणी सांगितलं? मी काकांचं वाक्य म्हणून दाखवलं. ती हसत सुटली. मग रोपांकडे बघून तिनं हसू आवरलं आणि खरं वाक्य उलगडून सांगितलं. मला आधी काकांचाच राग आला, धड बोलता येत नाही म्हणून. तो राग दुपारपर्यंत टिकला. मग नुसती भीती उरली.

चार दिवस एकेक पिशवी फाडून, मुळं पाण्यात हलकेच धुऊन, रोपं योग्य मिश्रणात लावत होते. निम्म्याहून अधिक रोपांची पानं गळाली. उभ्या काड्या राहिल्या. उपटून फेकायला हात होईना.

काका आले त्या दिवशी मी त्यांना वाफ्यावरच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ते उकिडवे बसले. एका काडीची साल नखानं किंचित खरवडली. आत हिरवं होतं. "जीवे छे," म्हणाले, आणि पुढच्या काडीकडे सरकले. मीही दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. काही आतून तपकिरी, कोरडी निघाली, ती बाजूला ठेवली. पण बहुतेक हिरवी होती. मधे कुठेतरी आम्ही समोरासमोर आलो. आता ते मला जा म्हणणार, असं धरूनच मी ओढणीला हात पुसून उभी राहिले.

"काले वहेली आवजे," ते म्हणाले. उद्या लवकर ये. "आ बधांने छांयडामां लेवाना छे." या सगळ्यांना सावलीत हलवायचंय.

हो म्हणायचं होतं. पण मला रडूच फुटलं, आणि ते माझ्याकडे न बघता पुढची काडी खरवडत राहिले.